स्थानिक वनस्पती, विद्यार्थी आणि समाजाचे दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात हदगाव येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा येतो तेव्हा मागे वळून पाहण्याचा आनंद असतो आणि पुढे काय करावयाचे याची जबाबदारीही असते. महोत्सवानिमित्त उभारलेल्या निधीतून निसर्गासाठी काय करता येईल, यावर मी माझे विचार मांडावेत अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून आवडता विषय कोणता असणार! या सूचनेबद्दल मी मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात वृक्षारोपणाची कल्पना आहे, हे मला ठाऊक आहे. ती उत्तमच आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्यासाठी मी उभा नाही. परंतु झाडे लावण्याचे काम आज शासन करते, शाळा करतात, मंडळे करतात. ज्याला कोणीही हात लावत नाही असे एक काम मात्र तसेच पडून आहे. आपल्या हदगाव तालुक्यात, कयाधू आणि पैनगंगेच्या या परिसरात मूळच्या कोणकोणत्या वनस्पती आहेत, त्या कोठे उरल्या आहेत आणि कोठून नाहीशा होत आहेत, याचा गावोगावचा अभ्यास. हा अभ्यास आपल्याच मुला-मुलींनी करावा आणि त्यासाठी ट्रस्टने दरवर्षी काही विद्यार्थ्यांना संशोधन-अनुदान द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. ही विनंती का करतो आहे, ते थोडे विस्ताराने सांगतो.

स्थानिक म्हणजे कोणते?

आपण ज्यांना सहज 'आपली झाडे' म्हणतो, त्यांतील किती खरोखर आपली आहेत? शाळेच्या आवारात उन्हाळ्यात लाल होणारा गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले. सीताफळाला आपण सीतामाईचे नाव दिले, मराठवाड्याचे डोंगर त्याने भरून गेले, पण त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. ज्या चिंचेखाली आपल्या पिढ्या खेळल्या, ती फार प्राचीन काळी आफ्रिकेतून आलेली. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५० च्या दशकात झाली आणि आज त्याच्याशिवाय एकही रस्ता दिसत नाही.

परके ते सारे वाईट, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. सीताफळाने आणि चिंचेने गरिबांची पोटे भरली आहेत. परंतु जी वनस्पती हजारो वर्षे या मातीत, या पावसात, येथील किडामुंगीच्या आणि पाखरांच्या संगतीने वाढली, तिचे नाते वेगळे असते. माघ-फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याच्या मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. माळावरची रुई आपल्याला निरुपयोगी वाटते, पण केशरी पंखांच्या एका फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. रुई गेली की त्या फुलपाखराचा एक आसरा गेला. वड, पिंपळ, उंबर, मोह, बिबा, चारोळी, धावडा, सालई, बेल, टेंभुर्णी ही या भूमीची जुनी माणसे आहेत असे म्हणा. आणि मोठ्या वृक्षांच्या पलीकडे गवते, वेली, कंद, पाणवनस्पती आणि चार महिन्यांत उगवून संपणारी लहान रोपे यांची फार मोठी वस्ती आहे. वृक्षारोपणाच्या यादीत ती कधीच येत नाही.

शास्त्रात 'स्थानिक' आणि 'प्रदेशनिष्ठ' असा भेद करतात. स्थानिक वनस्पती येथे मूळची असते, पण अन्यत्रही आढळते. प्रदेशनिष्ठ वनस्पती मात्र विशिष्ट प्रदेशाबाहेर जगात कोठेच नसते. ज्यांना मराठीत कंदीलपुष्प किंवा खरपुडी म्हणतात, त्या सेरोपेजिया प्रजातीतील भारतात आढळणाऱ्या जातींपैकी निम्म्याहून अधिक केवळ भारतातच आढळतात आणि त्यांतील अनेक आपल्या सह्याद्रीत आहेत. कंदिलाच्या आकाराच्या या फुलात लहान माश्या शिरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकून राहतात आणि केस सुकले की परागकण घेऊन बाहेर पडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या दुर्मिळ जाती शोधल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या आणि पुन्हा निसर्गात रुजवण्याचे प्रयत्न केले. संशोधनासाठी मिळालेला निधी आणि डोंगर पायी तुडवणारे विद्यार्थी, या दोहोंच्या मिलाफातूनच हे काम उभे राहिले.

आपला प्रदेश का मागे राहिला?

आता कोणी विचारील की, महाराष्ट्रातील वनस्पतींचा एवढा अभ्यास झाला असताना हदगावात नव्याने काय शोधावयाचे? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आजही अभ्यासक तो उघडल्याशिवाय पुढे जात नाहीत. पण त्या ग्रंथात आपला मराठवाडा नाही. कारण साधे आहे. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतो, निजामाच्या राज्यात होतो. राज्याची सीमा जेथे संपली तेथे ग्रंथकाराची लेखणी थांबली. पळसाला किंवा मोहाला ही सीमा ठाऊक नव्हती, परंतु कागदावर ती उमटली. निजामाच्या मुलखातील वनस्पतींवर पार्ट्रिज यांचा ग्रंथ १९११ साली निघाला, तो मुख्यतः वनखात्याच्या उपयोगासाठी, जंगलातील झाडाझुडपांवर भर देणारा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. व्ही. एन. नाईक यांनी आधी १९७९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढे १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. कुक यांचा ग्रंथ पूर्ण झाल्यानंतर नव्वद वर्षांनी आपल्या प्रदेशाला स्वतःचा वनस्पतिग्रंथ मिळाला. नांदेडला आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले तेही १९९४ साली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्रावरील खंड १९९६, २००० आणि २००१ मध्ये आले.

या ग्रंथांचे ऋण फार मोठे आहे. परंतु असा ग्रंथ जिल्ह्याचे नाव सांगतो, फार तर तालुक्याचे. अमुक वनस्पती तुमच्या गावच्या गायरानात आहे की नाही, गेल्या पंचवीस वर्षांत ती वाढली की घटली, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच गावात वर्षभर फिरणारा माणूस हवा.

शिवाय आपला जिल्हा वनस्पतींच्या दृष्टीने मोठा विशेष आहे. बराचसा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला, तर देगलूर-बिलोलीकडे त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट आणि नाइस खडक उघडा पडलेला. किनवट-माहूरकडे सागवानाचे जंगल, पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूस अभयारण्य, सहस्रकुंडाचा धबधबा आणि त्याच्या ओलाव्यात वाढणारी वेगळीच वनस्पतिसृष्टी. खडक बदलला की माती बदलते आणि माती बदलली की वनस्पती बदलते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. त्या मानाने आपल्याकडे जे उरले आहे, ते मोजून आणि नोंदवून ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

काय हातचे जात आहे?

जंगल तुटले की दिसते. धुरा मोडला तर कोणाला दिसत नाही. माझ्या लहानपणी दोन शेतांमधला धुरा चांगला रुंद असे. त्यावर बोर, हिवर, तरवड, पळस, बेल असत, वेली चढत, गवत वाढे, साप-मुंगूस राहत. जमिनीच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आले, धुरे अरुंद होत होत नाहीसे झाले. सोयाबीन आले आणि पाठोपाठ तणनाशक आले. यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. पण तणनाशकाला तण आणि रानभाजी यांतला फरक कळत नाही. पाथरी, कुर्डू, चिवळ, घोळ, तांदुळजा या पावसाळ्यात फुकट मिळणाऱ्या भाज्या गरिबाच्या ताटातून कमी होत आहेत.

आपल्या तालुक्यातील तामशाच्या बारालिंग देवस्थानात संक्रांतीच्या करीला भाजी-भाकरीची पंगत होते. नाना प्रकारच्या भाज्या एकत्र शिजतात आणि हजारो माणसे एका पंगतीला बसतात. ती पंगत टिकली आहे, हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. पण हिवाळ्यातल्या या भाजीप्रमाणे पावसाळ्यातल्या रानभाज्याही किती प्रकारच्या होत्या, हे आज गावातील पासष्ट-सत्तरीच्या बायकांनाच सांगता येते. त्यांच्या सुनांना निम्मी नावे येतात, नातींना चार-पाच. वनस्पती नाहीशी होण्याच्या आधी तिचे नाव नाहीसे होते, आणि नाव गेले की ती गेल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही.

ही नावे केवळ मराठीत नाहीत. आपल्या परिसरात आंध बांधव आहेत, तांड्यांवर बंजारा बोली आहे, किनवटकडे गोंड आणि कोलाम आहेत, गावोगावी उर्दू बोलणारे आहेत. एकाच झाडाला पाच नावे आणि प्रत्येक नावामागे एक उपयोग, एक समज, एक जपणूक. हे सारे नोंदवावे म्हणून २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात लोकजैवविविधता नोंदवही करावयास सांगितले. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. मुदत पाळण्यासाठी भरलेल्या वहीत आणि वर्षभर गावात राहून भरलेल्या वहीत काय अंतर असते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. या वह्या खऱ्या अर्थाने पूर्ण करण्याचे काम आपले विद्यार्थी करू शकतात.

विद्यार्थ्याने नेमके काय करावे?

संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा आणि महागडी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. स्थानिक वनस्पतींच्या अभ्यासाला तसे काही लागत नाही. उदाहरणे देतो. एका विद्यार्थ्याने दोन गावांची तुलना करावी. एका गावात धुरे शिल्लक आहेत, दुसऱ्यात नाहीत. दोन्हीकडे किती जाती सापडतात? दुसरीने बारा महिने रानभाज्यांची नोंद ठेवावी. कोणती केव्हा उगवते, कोण खुडते, कशी शिजवते? तिसऱ्याने ठरावीक पळस, मोह आणि बिब्याच्या झाडांवर खूण करून दर आठवड्याला पाहावे की पाने केव्हा गळली, कळी केव्हा धरली, फूल केव्हा आले. चारोळीचे कवच कठीण असते, तिचे बी सहजी रुजत नाही. चौथीने ते रुजवण्याच्या निरनिराळ्या रीती करून पाहाव्यात. पाचव्याने कयाधूच्या काठाने चालत जाऊन पाण्यातील आणि काठावरील वनस्पतींची यादी करावी.

यातील शेवटून दुसरे काम पाहा. चारोळी कशी रुजते हे कळले, तर रोपवाटिकेत चारोळी मिळेल. आज वृक्षारोपणात गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया लावले जातात, कारण रोपवाटिकेत तेच सहज मिळतात. म्हणजे ज्यांना वृक्षारोपण प्रिय आहे, त्यांनाही या अभ्यासाचाच आधार घ्यावा लागणार आहे.

काळही अनुकूल आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पांना स्थान मिळाले आहे आणि चौथ्या वर्षी संशोधनासह सन्मान पदवीची सोय झाली आहे. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही आता संशोधनाचा विषय हवा आहे. तो त्याला घराजवळ मिळाला नाही, तर तो कोणाच्या तरी जुन्या प्रकल्पावरून उतरवून काढील. त्यात त्याचेही नुकसान आणि समाजाचेही.

दानाने काय घडते?

'आपल्या छोट्या अनुदानाने काय होणार?' असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्यासाठी एका मराठी माणसाची हकीकत सांगतो. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणला झाला. १९१३ साली सर रासबिहारी घोष या विख्यात वकिलांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्यातून चार अध्यासने निर्माण झाली, त्यांत एक वनस्पतिशास्त्राचे होते, आणि अध्यासनांबरोबर संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचीही तरतूद होती. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर आघारकरांची निवड झाली. ते अभ्यासासाठी जर्मनीस गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही त्यांनी बर्लिनला एंग्लर या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास पूर्ण केला. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता? वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार आणि त्यांचे मूळ! परदेशी बसून त्यांनी आपल्याच देशातील रुक्ष माळांच्या वनस्पतींचा विचार केला. निवृत्तीनंतर १९४६ साली त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. १९९२ पासून तिच्या संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे आणि तेथील वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. बंगालमधील एका गृहस्थाचे दान, मालवणचा एक अभ्यासक आणि पुण्यातील एक संस्था, अशी ही साखळी आहे. रासबिहारींना दान देताना तिचे शेवटचे टोक दिसले असेल काय?

दहा लाखांचे दान सर्वांना शक्य नाही, आणि या कामाला ते आवश्यकही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्थानिक वनस्पतींसाठी १९६५ साली स्थापन झालेली लोकांची एक संस्था आहे. सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी ही संस्था विद्यार्थ्यांना स्थानिक वनस्पतींवरील संशोधनासाठी छोटी अनुदाने देते. मोठा निधी मोठ्या संस्थांकडे जातो, हे तेथेही आहे आणि येथेही आहे. मोठ्या निधीची नजर ज्या कामाकडे जात नाही, ते छोट्या अनुदानाने होते.

मी साधा हिशेब मांडला आहे. एका विद्यार्थ्यास वर्षाला पंचवीस हजार रुपये. त्यांपैकी सहा हजार सोबत्यासह वर्षभरातील फेऱ्यांचे एसटी भाडे. चार हजार वनस्पती वाळवण्याचा दाबसाचा, भिंग, पुठ्ठे, वह्या यांसाठी. आठ हजार नमुने पडताळण्यासाठी पुणे व छत्रपती संभाजीनगर येथे जाण्या-राहण्याचे. पाच हजार रानात बरोबर येणाऱ्या माहितगाराच्या मजुरीचे. दोन हजार अहवालाच्या छपाईचे. असे पाच विद्यार्थी घेतले तर वर्षाला सव्वा लाख रुपये होतात. दहा वर्षांत साडेबारा लाख रुपयांत पन्नास अभ्यास उभे राहतील. एका तालुक्याविषयी पन्नास अभ्यास असणे ही मराठवाड्यात नव्हे, महाराष्ट्रातही दुर्मिळ गोष्ट ठरेल.

काही पथ्ये

अनुदान देताना काही पथ्ये पाळावीत, असे मी नम्रपणे सुचवितो.

पहिले पथ्य असे की, अनुदान पूर्ण वर्षाचे असावे. दोन महिन्यांच्या प्रकल्पात आषाढातली वनस्पती भेटते, पण फाल्गुनातली भेटत नाही. आणि पहिला हप्ता आधी द्यावा. ज्या मुलाकडे भाड्याचे पैसे नाहीत, त्याला 'आधी खर्च करा, पावत्या आणा, मग पैसे घ्या' असे सांगणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय.

दुसरे पथ्य आपल्या परंपरेशी जुळणारे आहे. जैन दर्शनाने षट्कायांत वनस्पतिकायाला स्थान दिले. म्हणून आपल्या पैशाने होणाऱ्या अभ्यासात हिंसा कमीत कमी असावी. विद्यार्थी उत्साहाच्या भरात कंदासकट रोप उपटतो. दुर्मिळ कंदवर्गीय वनस्पतीच्या बाबतीत असे पाच-दहा उत्साही विद्यार्थी त्या जागेवरून तिचे नाव पुसून टाकू शकतात. जेथे छायाचित्राने भागते तेथे छायाचित्र, जेथे एक फांदी पुरते तेथे एकच फांदी, आणि दुर्मिळ वनस्पतीचा नेमका ठावठिकाणा छापील अहवालात देऊ नये, असा नियमच असावा.

तिसरे पथ्य माहिती देणाऱ्यांविषयीचे. रानातील आजीबाईने किंवा वैदूने सांगितलेले ज्ञान त्यांचे आहे. त्यांची संमती घ्यावी, त्यांची इच्छा असल्यास अहवालात त्यांचे नाव आदराने द्यावे आणि जे त्यांना सांगावयाचे नाही ते काढून घेण्याचा हट्ट धरू नये. त्यांचा दिवस मोडला तर दिवसाची मजुरी द्यावी.

चौथे पथ्य अहवालाचे. एक प्रत मराठीत, सोप्या भाषेत, त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला मिळावी आणि गावात वाचून दाखवली जावी. वाळवलेले नमुने विद्यापीठाच्या संग्रहात जमा व्हावेत. विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर पडलेला नमुना चार पावसाळ्यांत किडे खातात, पण संग्रहातला नमुना शंभर वर्षांनीही साक्ष देतो.

पाचवे पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'शोधली, पण सापडली नाही' हे उत्तरही मान्य करावे. अमुक वनस्पती पूर्वी या माळावर होती, आज नाही, असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाने फार मोलाची गोष्ट नोंदवली आहे. त्याचे अनुदान परत मागितले, तर पुढच्या वर्षीचा मुलगा न सापडलेली वनस्पतीही सापडली म्हणून लिहील.

एक आक्षेप

काल विश्वस्तांशी अनौपचारिक बोलणे झाले, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मोकळेपणाने विचारले, "सर, पोरांना नोकरी पाहिजे. झाडांची नावे पाठ करून त्यांचे पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोलमाल उत्तर देणे मला उचित वाटत नाही. या अनुदानाने प्रत्येकाला नोकरी लागेल, असे मी म्हणणार नाही. काही जण वनखात्यात जातील, काही रोपवाटिका काढतील, काही पुढे संशोधन करतील, आणि बरेच जण वेगळ्याच क्षेत्रात जातील. परंतु वर्षभर एकच गोष्ट नेमाने पाहणे, जे दिसले तेवढेच लिहिणे, जे ठाऊक नाही ते जाणत्याला विचारणे आणि वडीलधाऱ्यांकडे ज्ञानाचा धनी म्हणून पाहणे, ही शिकवण ज्याला मिळाली तो कोणत्याही व्यवसायात उठून दिसेल. खेड्यातील मुलाला आजवर आपण हेच शिकवले की, ज्ञान पुण्या-मुंबईत असते आणि आपल्या गावात केवळ माती असते. त्या मातीत जगाला ठाऊक नसलेले काही आहे आणि ते सांगणारा तूच आहेस, असे त्याला एकदा कळू द्या. त्यातून येणारा आत्मविश्वास शिकवणीच्या वर्गात विकत मिळत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. दहाव्या शतकात दख्खनमध्ये अत्तिमब्बे नावाची थोर श्राविका होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. तेव्हा छापखाना नव्हता. ताडपत्रावर एकेक अक्षर कोरावे लागे. ग्रंथ लुप्त होऊ नये म्हणून तिने तो अनेकांच्या घरी पोहोचवला, आणि लोकांनी तिला दानचिंतामणी म्हटले. आपल्या माळावरची, धुऱ्यावरची, नदीकाठची वनस्पतिसृष्टी हाही एक ग्रंथच आहे. त्याची पाने गळू लागली आहेत आणि त्याच्या प्रती कोठेच नाहीत. आपले विद्यार्थी ते लेखनिक होऊ शकतात. त्यांना दिलेले अनुदान हे शास्त्रदान तर आहेच, आणि त्या मुक्या जीवांच्या बाबतीत पाहिले तर अभयदानही आहे.

वृक्षारोपण अवश्य करा. पण त्या निधीतील काही भाग या अभ्यासासाठी राखून ठेवा, आणि यंदाच्या मृगाच्या आधी पहिल्या पाच विद्यार्थ्यांची निवड करा, कारण मृगाचा पाऊस पडला की निम्म्या वनस्पती उगवू लागतात आणि तो आठवडा चुकला की वर्ष चुकते. विद्यार्थ्यांना ओळख पटवण्याच्या कामी माझ्या अल्प ज्ञानाचा उपयोग होणार असेल, तर प्रकृती साथ देईल तोवर मी विनामूल्य उपलब्ध आहे, असे या व्यासपीठावरून सांगतो.